उजव्या पायाची खोड

सोमवार, २ नोव्हेंबर

ही वही कापडाचे नमुने चिकटवायला आणली होती. नमुने राहू देत. आजचं कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि घरात सांगण्यासारखा माणूस एकच. आमच्या ह्यांचं केस कापायचं दुकान आहे. दिवसभर गिऱ्हाइकांची बडबड ऐकून घरी येतात ते कान बंद करूनच. सगळं सांगितलं, तर "बरं" म्हणाले आणि पुन्हा जेवायला लागले.

झालं असं की आमच्या शिवण संस्थेचे फिरते मिस्त्री गुडघ्यांपायी घरी बसले. सहा शाखा, सगळ्या लांब, त्यातल्या दोन तर डोंगराच्या कडेने कच्च्या रस्त्यावर. संस्थेच्या मोटरसायकलवरून तिथे जायचं, बिघडलेली मशिनं दुरुस्त करायची, नव्या मुलींना शिकवायचं. अध्यक्षबाईंनी दुपारी सगळ्यांसमोर विचारलं, "कोण करेल?" माझा हात मला न विचारताच वर गेला.

सव्वीस वर्षं मी भिंतीकडे तोंड करून तिसऱ्या मशीनवर बसतेय. भिंतीचा प्रत्येक पोपडा तोंडपाठ झालाय. खाणीकडच्या शाखेतल्या बायका फोन करतात, "ताई, मशीन टाके सोडतंय." मी म्हणते, फोन मशीनजवळ धरा आणि चालवा. आवाज ऐकते आणि सांगते, शटलमध्ये धागा अडकलाय, किंवा सुई उलटी लावलीय. आजवर एकदाही चुकले नाही. पण ज्यांची मशिनं मी कानाने बरी केली त्यातल्या एकीचाही चेहरा मी पाहिलेला नाही. मला तिथे जायचंय. याहून मोठं कारण माझ्याकडे नाही.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "मशीन तुमच्याइतकं कुणालाच कळत नाही, मान्य. पण गाडीचं काय?"

तिथेच घोडं अडलं. सायकल मी सातवीत शिकले आणि आठवीत विसरले. मोटरसायकलवर कुणाच्या तरी मागे बसले आहे, तेवढाच अनुभव. मग त्यांनी अट घातली. नवशिक्यांसाठी सुरक्षित गाडी चालवण्याचा वर्ग असतो, दोन शनिवार-रविवार, शेवटच्या दिवशी परीक्षा. तेवीस तारखेला संस्थेची बैठक आहे. तोवर पास झाल्याचा कागद आणला तर काम माझं. नाहीतर गोदामातल्या उंच माणसाचं. त्याच्याकडे बारा वर्षांचा परवाना आहे, आणि बॉबिन कुठलं नि बटण कुठलं हे त्याला अजून दाखवावं लागतं.

गुरुवार, ५ नोव्हेंबर

वर्गाला जाड पँट हवी, पूर्ण बाह्या हव्यात, घोट्याच्या वर येणारे बूट हवेत. पँट विकत कशाला घ्यायची? मीच शिवली. गुडघ्यांना दुहेरी कापड, मांडीच्या जोडाला चौकोनी तुकडा, म्हणजे पाय फाकवला तरी ताण येणार नाही. शिवण अशी आली की उलटी घातली तरी कुणाला कळणार नाही.

ह्यांनी उचलून पाहिली. "गुडघ्याला दोन थर कशाला?"

"पडले तर?"

"मग तीन घाल."

बघा टोमणा. मी पडणार असं धरूनच चालले आहेत. ह्यांना हे मुळीच आवडलेलं नाही, हे मला न सांगता कळतं. तिसरा थर घातला, पण माझ्या मर्जीने.

शनिवार, ७ नोव्हेंबर

अठ्ठेचाळीस वर्षांच्या बाईने आज मोटरसायकल चालवली. ती बाई मी.

जागा म्हणजे बंद पडलेल्या कारखान्याचं आवार. मधे डांबर, भोवती पिवळी माती, मग तारेचं कुंपण आणि पलीकडे झुडपं. आम्ही सहा जण. शिकवणाऱ्या सरांच्या गळ्यात शिट्टी, आणि तोंडाने बोलण्याचं काम निम्मं त्या शिट्टीनेच. माझ्या शेजारी एक अवाढव्य बेकरीवाला होता. मला हळूच म्हणाला, "ताई, तुम्ही पुढे व्हा. मी तुमच्या मागे राहून घाबरतो."

पहिला तासभर इंजिन बंद ठेवून नुसती गाडी ढकलली. मग सर एकेक गोष्ट दाखवत गेले. डाव्या हाताला क्लच, डाव्या पायाला गिअर. उजव्या हाताला पुढचा ब्रेक, उजव्या पायाला मागचा. चार हातपाय आणि चौघांना चार वेगळी कामं. क्लच सोडला की गाडी धाडकन बंद. चार वेळा बंद पडली. माझ्या हाताखाली कुठलंही यंत्र असं वागलेलं नाही, फार लागलं ते.

वर सर ओरडतात, "चाकाकडे काय बघताय? ते तुम्हाला सोडून कुठे जात नाही. जायचंय तिकडे बघा." तोंडात मारल्यासारखं झालं. नव्या मुलींना सव्वीस वर्षं मी हेच सांगत आलेय, सुईकडे बघू नका, शिवण जिथे जायचीय तिकडे बघा. आणि आता मीच ती नवी मुलगी.

मान वर केली. क्लच हळू सोडला, आणि गाडी माझ्यासकट पुढे निघाली. जेमतेम चाळीस फूट असेल. बेकरीवाल्याने टाळ्या वाजवल्या. मला वाटलं रडू येईल, पण हेल्मेटमध्ये डोळे पुसता येत नाहीत म्हणून आवरलं.

घरी ह्यांना फक्त "जमतंय" एवढंच म्हणाले. तर म्हणतात, "चारदा बंद पडली म्हणून काय झालं. होतं सुरुवातीला." आकडासुद्धा बरोबर सांगितला. सव्वीस वर्षांच्या संसारात नवरा बायकोला इतकं ओळखतो, तर निदान एक बरा शब्द तरी बोलावा. वर बूट घालून आतपर्यंत आले. सगळ्या फरशीवर पिवळी धूळ. दुकानातून येताना कुठे तुडवत येतात कोण जाणे. दोनदा पुसलं.

सोमवार, ९ नोव्हेंबर

काल पडले. उभ्या गाडीवरून पडले, ही लाजेची गोष्ट आहे म्हणून काल लिहिलं नाही. तिसरा थर कामी आला, तेही ह्यांना सांगितलेलं नाही.

खरी पंचाईत वेगळीच. सर मधेच हात वर करून शिट्टी मारतात, तेव्हा दोन्ही ब्रेक लावून जागच्या जागी थांबायचं. मी थांबतच नाही. सर म्हणाले, "बाई, ऐन वेळेला ब्रेकवरून पाय का उचलता?" मी म्हटलं, उचलत नाही. बेकरीवाला म्हणाला, "उचलता ताई." बाकीचेही सगळे हो म्हणाले.

आज मशीनवर बसले आणि उलगडा झाला. बाहीला काठ लावत होते, बोट सुईजवळ गेलं, दचकले आणि झटकन पाय वर. मशीन थांबलं. बरोबरच आहे. मोटरच्या मशीनला पाय दाबला की धावतं, उचलला की थांबतं. सव्वीस वर्षं माझ्या उजव्या पायाला एकच गोष्ट माहीत आहे, भीती वाटली की वर व्हायचं. आणि गाडीला नेमकं त्याच वेळी खाली दाबायचं असतं. जो पाय माझी बोटं वाचवत आला, तोच आता माझा जीव घेईल.

दुसरी कटकट. वरच्या मजल्यावरच्या वहिनी म्हणाल्या, शनिवारी आणि रविवारी सकाळी दुकानाला कुलूप होतं, त्यांचे मिस्टर दोनदा परत आले. आठवड्याची गर्दी असते ती त्याच दोन दिवसांत. घरी विचारलं, तर म्हणे "काम होतं." काय काम? "होतं." माझ्या गाडीचा राग हे दुकानावर काढतायत. काढू देत. मीही विचारणार नाही.

शनिवार, १४ नोव्हेंबर

आज माझा दिवस होता.

गिअर कधी बदलायचा हे बाकीच्यांना वेग दाखवणाऱ्या काट्याकडे बघून ठरवावं लागतं. मला नाही. इंजिन कुरकुरलं की वरचा गिअर, धापा टाकायला लागलं की खालचा. मशीनचंही तसंच असतं, जाड कापड आलं की आवाज आधी बदलतो. सरांनी शिट्टी मारून सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाले, "डोळे मिटून ऐका या बाई कसा गिअर टाकतात." मग माझ्याकडे वळून, "कान कुठून आणलेत?"

मी म्हटलं, "शिवणकामातून."

नारिंगी कोन मांडले होते, त्यांच्यामधून नागमोडी जायचं. एकही पाडला नाही. बेकरीवाल्याने पाच पाडले, पण गडी हसतच होता. मी मात्र हसले नाही. मनातून इतकी फुगले होते की हसले असते तर हेल्मेट निघालं असतं.

रविवार, १५ नोव्हेंबर

नापास.

वळणं झाली, नागमोडी झाली, सगळ्यात जास्त गुण माझे. शेवटी अचानक थांबणं. शिट्टी वाजली आणि माझा पाय वर. आखलेल्या रेषेच्या पुढे दोन हात गेले. रेषा ओलांडली की नापास, बाकीचे गुण कितीही असोत. बेकरीवाला पास झाला. माझ्यापेक्षा त्यालाच जास्त वाईट वाटलं.

सर म्हणाले, "तुमचं डोकं शिकलंय, पाय शिकायचा राहिलाय. पुढच्या रविवारी पुन्हा या." पुढचा रविवार म्हणजे बावीस. बैठक तेवीसला. म्हणजे एकच संधी.

घरी येऊन बूटही न काढता बसले. ह्यांनी चहा पुढे ठेवला आणि म्हणाले, "पाय उचललास." मी कधी सांगितलं आठवत नाही. बहुतेक दारातच बडबडले असेन. आज त्यांच्याशी भांडायचीही ताकद नव्हती.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

सहा दिवसांत पायाला शिकवायचं कसं? रोज आठ तास मशीनवर बसून मीच त्याला उलटं शिकवते. मग कालपासून मशीनचं पायडल डाव्या पायाखाली सरकवलं. उजवा पाय मोकळा. मशीनशी त्याचा संबंधच तोडून टाकायचा.

डावा पाय कसला अडाणी. एकदम दाबतो, एकदम सोडतो. शिवण अशी आली की पहिल्या दिवशीची मुलगीही लाजेल. सगळी ओळ हसली. आज अध्यक्षबाई एक शर्ट हातात घेऊन आल्या. खांद्यापासून बाहीपर्यंत शिवण वाकडी. "हा कुणाचा?" मी म्हटलं, "माझा." त्यांनी शर्ट दिव्यापाशी धरला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत माझा एक टाका कुणी उसवायला लावलेला नाही. आज सगळ्यांसमोर बसून आठ शर्ट उसवले. डोळ्यांपुढे धागे दिसेनात, तरी उसवले. पायडल मात्र डावीकडेच ठेवलं.

जाताना गोदामातला उंच माणूस भेटला. खरं सांगायचं तर माणूस वाईट नाही. म्हणाला, "ताई, कशाला जिवाचा आटापिटा? काम मला मिळालं तर गाडी मी चालवतो, तुम्ही मागे बसा. मशिनं तुम्ही बघा. दोघांचंही होईल." अध्यक्षबाईंनाही त्याने सांगितलं होतं आणि त्यांनाही ते पटलं होतं. म्हणाल्या, विचार करून उद्या सांगा.

बुधवार, १८ नोव्हेंबर

विचार केला. खाणीकडच्या बायका भेटतील, मशिनं माझ्या हाताखाली येतील, पडायची भीती नाही. नाही म्हणायला काही कारणच नाही. तरी हो म्हणवेना.

काल रात्रीच ह्यांना सांगितलं. आमटी ढवळत होते, ढवळायचे थांबले. म्हणाले, "नको म्हण."

माझ्या कामात वर्षभरात दिलेलं हे पहिलं मत. बायको परक्या माणसाच्या मागे बसलेली आवडणार नाही, दुसरं काय. कारण काहीही असो, मलाही तेच हवं होतं. सकाळी अध्यक्षबाईंना सांगितलं, "जाईन तर माझी मी जाईन. नाही जमलं तर काम त्यांना द्या, मी तिसऱ्या मशीनवर आहेच."

बोलून बसले खरी. रविवारी पाय पुन्हा उचलला गेला तर ताठ्यापायी सगळंच जाईल, अर्धं मिळत होतं तेही. लोक म्हणतील, बाईला मस्ती होती. आणि ते खोटं नसेल.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

ह्यांना नवा चाळा लागलाय. मी कणीक मळत असते, कपडे वाळत घालत असते, आणि हे मागून येऊन मोठ्याने म्हणतात, "थांब." मी दचकून उजवा पाय जमिनीवर दाबायला बघते. पहिल्यांदा वैतागले. मग म्हटलं, चालू दे, सरावच होतोय. जन्मभर ह्यांना माझ्यावर हुकूम सोडायला मिळाला नव्हता, आता फावलंय. आज सकाळपासून एकोणीस वेळा थांबवलं. पहिल्या तीन वेळा पाय वर गेला, नंतरच्या सोळा वेळा खाली.

डाव्या पायाची शिवण आज सरळ आली. अध्यक्षबाईंनी शर्ट पाहिला आणि काही न बोलता खाली ठेवला. आमच्याकडे याहून मोठं कौतुक नसतं.

रविवार, २२ नोव्हेंबर

पास.

सगळ्यात आधी तेच लिहिते, मग बाकीचं.

आज परीक्षेला मी एकटीच. बेकरीवाला मुद्दाम आला होता, पावांची पिशवी घेऊन. सर म्हणाले, आधी तुमचा शत्रू संपवू. गाडी तिसऱ्या गिअरपर्यंत नेली. समोर बघत होते, रेषेकडे नाही, चाकाकडे नाही. शिट्टी कधी वाजली ते आठवत नाही. एवढंच आठवतं की गाडी थांबली होती, मी बसलेली होते, आणि उजवा पाय ब्रेकवर असा रुतला होता की सरांना सांगावं लागलं, "आता काढा." रेषा माझ्या चाकाच्या पुढे वीतभर होती. मी उतरून मोजली. एक वीत आणि वर दोन बोटं.

वळणं नि कोन तर हसत केले.

सरांनी कागदावर सही केली आणि कुंपणाकडे बोट दाखवलं. "तिथे एक माणूस रोज उभा असतो. पहिल्या दिवसापासून. आज तुम्ही थांबलात तर एकटाच नाचत होता. कोण वेडा आहे कळत नाही." मी वळून पाहिलं तर झुडपं हलत होती, माणूस निघून गेला होता. रिकामटेकडे लोक काय कमी आहेत? पण बरं वाटलं. परका माणूस, त्यालाही माझं कौतुक.

घरी आले तर हे माझ्याआधी येऊन बसलेले, घामाघूम, धापा टाकत. चार जिने चढले की हल्ली ह्यांना असं होतं, आता तपासून घ्यायला हवं. आणि रविवार असून दुकान पुन्हा बंद. पण आज भांडले नाही. कागद पुढे ठेवला. "पास झाले."

"बरं," म्हणाले. मग तो कागद दोन्ही हातांत धरून इतका वेळ वाचत बसले की मी म्हटलं, अहो, चारच ओळी आहेत. शेवटी कपाटातल्या काचेच्या मागे त्यांनीच तो लावला, त्यांच्या दुकानाच्या परवान्याच्या वर. ह्यांना आवडलेलं नाही असं मला वाटलं होतं, पण निदान मान तरी दिला.

सोमवार, ३० नोव्हेंबर

तेवीसला बैठकीत कागद ठेवला, काम माझं झालं, आणि त्याच कागदावर परवानाही शुक्रवारी हातात आला. आज पहिली फेरी. पहिली शाखा मीच निवडली, खाणीकडची.

मागे हत्यारांची पेटी, अंगात तीन थरांची पँट. उंच माणसाने गोदामातून गाडी बाहेर काढून दिली आणि टायरची हवा स्वतः तपासली. म्हटलं ना, माणूस वाईट नाही. डांबर संपल्यावर खडी लागली, मग चढ. इंजिन धापा टाकायला लागलं, खालचा गिअर टाकला. एका वळणावर शेळ्या आडव्या आल्या. माझा पाय खाली गेला. त्याला मी काही सांगितलं नव्हतं.

शाखा म्हणजे पत्र्याची लांब खोली, चौदा मशिनं. गाडीचा आवाज आला तशी आतली सगळी मशिनं एकेक करून थांबली. बायका दारात आल्या. मी हेल्मेट काढून म्हटलं, "कुणाचं मशीन टाके सोडतंय?" आवाजावरून ओळखलं त्यांनी. एक म्हातारी माझ्या गालाला हात लावून म्हणाली, "अगंबाई, तू तर केवढीशी आहेस. फोनवर मोठी वाटायचीस."

त्यांच्यातली मुख्य बाई चहा घेऊन आली. ताटलीत दोन कप. एक मला दिला आणि दुसरा हातात धरून दाराबाहेर बघत राहिली, आधी गाडीच्या या बाजूला, मग त्या बाजूला.

मी विचारलं, "काय बघताय?"

"तुम्हाला घेऊन कोण आलंय, ते दिसत नाहीत. चहा निवतोय त्यांचा."

"कुणी नाही आलं. मीच आले."

तिने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा गाडीकडे. मागे तेरा जणी टाचा उंचावून बघत होत्या.

तिच्या हातातला कप मी घेतला. दोन्ही कप मीच प्याले.